क्षणात निसटणारा पडदा टिपायचा कसा?

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते त्याचे चित्र घ्यायचे, यात अवघड ते काय? कळफलकावरची ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबली की झाले! मोबाइलवर तर आणखी सोपे. चालू-बंद करण्याचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबले की चित्र तयार. असे तुम्ही म्हणाल आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण दुसऱ्याला एखादे काम पायरीपायरीने शिकवण्यासाठी पुस्तिका करायला बसा, म्हणजे काही पडदे किती हट्टी असतात ते कळेल. उघडलेली यादी कळ दाबताक्षणी मिटते. एखादा संदेश डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जातो. कधी चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन येतो, तर कधी माउसचा बाणच नाहीसा होतो. असे का बरे होते? आणि त्यावर उपाय काय? या लेखात हेच आपण पाहणार आहोत.

एक पत्रक करायचे आहे

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याजवळ, कुरवंडे नावाचे गाव आहे. इंद्रायणी नदीचा उगम याच परिसरातला. जवळच नागफणीचा सुळका, आणि त्याच्या पलीकडे एकदम खोल उतरलेले कोकण. या भागातले पावसाळ्यातले मुख्य पीक म्हणजे भात. पूर्वी शेतात कोणते पीक आहे याची नोंद तलाठी करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ हे मोबाइल ॲप सर्वत्र सुरू झाले आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतः करण्याची सोय झाली. शेतात उभे राहायचे, ॲपमध्ये गट क्रमांक, पीक व क्षेत्र भरायचे आणि पिकाचे छायाचित्र काढून पाठवायचे. ही नोंद सातबाऱ्यातील गाव नमुना १२ मध्ये जाते. पीककर्ज काढताना किंवा नुकसानभरपाई मागताना ती उपयोगी पडते. म्हणजे नोंद चुकली किंवा राहून गेली, तर नुकसान खरेखुरे होते.

आता समजा, कुरवंड्यातल्या तुम्हा विद्यार्थ्यांना गावातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक पत्रक तयार करायचे आहे. ‘आधी हे दाबा, मग ते निवडा, मग इथे आकडा लिहा’ असे सांगणारे. नुसत्या शब्दांनी भागणार नाही. प्रत्येक पायरीला पडदा जसा दिसतो तसे चित्र हवे. एका पायरीचे चित्र जरी गळले, तरी वाचणारा नेमका तिथेच अडतो. आणि बहुधा गळते ते अवघड पायरीचेच चित्र; कारण टिपायला तेच अवघड असते! म्हणून हे तंत्र नीट समजून घ्यायला हवे.

पडद्यामागे काय चालते?

नेहमीच्या संगणकाचा पडदा जवळून, भिंगातून पाहा. तो बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसेल. या प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असलेला पडदा आज सर्रास आढळतो. गुणाकार करून पाहा: असे एकूण २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. प्रत्येक भागाची चमक ० ते २५५ या २५६ पायऱ्यांपैकी एक असते. म्हणून २५६ × २५६ × २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंगछटा मिळू शकतात.

हे सारे आकडे संगणकाच्या स्मृतीत एका ठरावीक जागी मांडलेले असतात. त्या जागेला ‘फ्रेम बफर’ म्हणतात. आपण तिला चित्रफलक म्हणू. एका ठिपक्याला साधारणपणे ४ बाइट जागा धरली, तर आपल्या पडद्याचा चित्रफलक ८२,९४,४०० बाइटांचा झाला. हा फलक सेकंदाला बहुधा ६० वेळा वाचला जातो आणि ते आकडे तारेतून पडद्याकडे धावतात. म्हणजे तुम्ही स्थिर पडद्याकडे टक लावून बसलात, तरी पडद्यामागे दर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइटांची ये-जा चाललेली असते!

मग चित्रफलकावर हे आकडे लिहितो कोण? संगणकात एका वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. प्रत्येक जण आपापली चौकट रंगवतो. घड्याळ वेगळे, यादी वेगळी, पत्र लिहिण्याची चौकट वेगळी. मग संगणकाची कार्यप्रणाली या चौकटी एकावर एक रचून त्यांचे एक चित्र करते. तेव्हा चित्राचा प्रवास असा होतो: प्रोग्राम, त्याची चौकट, रचलेला चित्रफलक, तार, पडदा आणि शेवटी तुमचा डोळा.

‘प्रिंट स्क्रीन’ची कळ दाबली की फलकावरच्या आकड्यांची प्रत केली जाते. ती पडद्याचा फोटो काढत नाही, हे ध्यानात घ्या. पडदा बंद करून ठेवलात तरी चित्र मिळू शकते. कारण ते पडद्यावरून घेतलेले नसतेच. या कळीचे नावही पाहा. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर ती दाबली की पडद्यावरचा मजकूर खरोखरच छपाईयंत्रावर उमटे. छपाई गेली, पण नाव मात्र राहिले.

उंबरखिंडीचा धडा

कुरवंड्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको, की त्यांच्या गावावरून कोकणात उतरणारा जुना घाट इतिहासात प्रसिद्ध आहे. १६६१ साली मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन या बाजूने कोकणात उतरू लागला. घाटमाथ्यावरच्या मोकळ्या मुलखात शिवाजी महाराजांनी त्याला अडवले नाही. गाठले ते घाटाखालच्या उंबरखिंडीत. तिथे वाट अरुंद होती आणि फौजेला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

हट्टी पडद्यांचेही असेच आहे. एका ठिकाणी चित्र सापडत नसेल, तर तेथे धडपडत बसू नये. ते पुढे कोणत्या वाटेने जाणार हे पाहावे आणि तिथे गाठावे. चित्रफलकावर मिळत नसेल तर तारेत मिळेल. तारेतही नाही, तर निदान पडद्यावर कॅमेऱ्याने मिळेल. आता एकेक अवघड प्रसंग या नजरेने पाहू.

मिटणारी यादी

एखाद्या शब्दावर टिचकी मारली की खाली यादी उलगडते. यादी उघडलेली असतानाचे चित्र हवे म्हणून तुम्ही चित्र टिपण्याचा प्रोग्राम सुरू करायला जाता आणि यादी मिटते. कारण उघड आहे. संगणकाचे लक्ष एका वेळी एकाच चौकटीकडे असते. तुम्ही दुसरीकडे टिचकी मारली, की ‘याला आता यादी नको’ असा पहिल्या प्रोग्रामचा समज होतो. ‘ऑल्ट’ कळीनेही असेच होते. ‘ऑल्ट’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ एकत्र दाबून फक्त चालू चौकटीचे चित्र घ्यायला जावे, तर ‘ऑल्ट’ दाबताच बऱ्याच याद्या मिटतात.

यावर उपाय आहे उशिराने टिपण्याचा. विंडोजमधील ‘स्निपिंग टूल’मध्ये काही सेकंद थांबून चित्र घेण्याची सोय आहे. इतर प्रणालींतही अशी साधने असतात. आधी पाच सेकंदांचा उशीर ठरवा, मग सावकाश यादी उघडा आणि हात स्थिर ठेवून थांबा. वेळ भरली की चित्र आपोआप घेतले जाते. घरातल्या कॅमेऱ्याला वेळ लावून आपणही समूहछायाचित्रात जाऊन बसतो, तसाच हा प्रकार. माउस एखाद्या चिन्हावर नेला असता उमटणाऱ्या सूचनांनाही हीच युक्ती लागू पडते.

क्षणभराचा संदेश

‘नोंद पाठवली’ असा संदेश येतो आणि लगेच जातो. तो कधी येणार हे ठाऊक नसल्याने उशीर तरी किती लावणार? येथे एक चित्र पकडण्याऐवजी सगळाच काळ पकडावा. बहुतेक मोबाइलमध्ये आणि संगणकांत पडद्याची चलचित्रफीत करण्याची सोय आता असते. ती सुरू करा, काम करा, फीत थांबवा. मग फीत एकेक चित्र पुढे सरकवत पाहा आणि हवे ते चित्र उचला.

थोडे गणित करू. फीत सेकंदाला ३० चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांत १/३० सेकंदाचे अंतर पडते. संदेश १/१० सेकंद टिकला, तरी तो सुमारे तीन चित्रांत सापडेल. मात्र १/६० सेकंदच टिकणारी गोष्ट ३० चित्रांच्या फितीतून निसटूही शकते. तिच्यासाठी ६० चित्रांची फीत हवी. सापळ्याचे दार किती वेळा उघडते यावर सावज सापडणे अवलंबून!

हरवलेला बाण आणि काळा चौकोन

सगळे चित्र छान आले, पण माउसचा बाणच नाही. असे का? बाण सतत हलत असतो. प्रत्येक हालचालीला चित्रफलकावरचे ठिपके पुसून पुन्हा रंगवणे खर्चाचे. म्हणून बाणाचे लहानसे चित्र बहुधा वेगळ्या जागी ठेवतात आणि फलक वाचून पडद्याकडे पाठवताना ऐन वेळी त्यावर ठेवून देतात. साहजिकच फलकाच्या प्रतीत तो नसतो. चित्र टिपण्याच्या अनेक साधनांत ‘बाणासह टिपा’ असा पर्याय असतो, तो निवडावा. नाही तर चित्रावर नंतर बाण काढावा. शिकवण्याच्या पत्रकात तर मोठा, ठळक बाण काढणेच बरे.

काळ्या चौकोनाची गोष्ट मौजेची आहे. सुमारे २००० सालच्या आसपासच्या संगणकांत चित्रफीत दाखवणारे प्रोग्राम आपले चित्र मुख्य फलकावर लिहीतच नसत. ते एका वेगळ्या स्मृतीत लिहीत आणि मुख्य फलकावर तेवढ्या जागी एक ठरावीक रंग भरून ठेवत. ‘हा रंग दिसेल तिथे चित्रफीत दाखव’ असा चित्रपत्त्याला हुकूम असे. म्हणून ‘प्रिंट स्क्रीन’ने मिळे तो फक्त रंगाचा चौकोन. गंमत पुढेच आहे. तो चौकोन चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये आणून चिकटवला आणि मागे चित्रफीत चालू असली, की चिकटवलेल्या ‘स्थिर’ चित्रातही ती हलताना दिसे! हुकूम रंगासाठी होता, आणि तो रंग आता तिथेही होता.

आज काळा चौकोन दिसला तर त्याचे कारण बहुधा निराळे असते. बँकेची बरीच ॲप्स आपला पडदा कोणालाही टिपू देऊ नये असे अँड्रॉइडला मुद्दाम सांगून ठेवतात. चोरट्या प्रोग्रामने तुमचा गुप्त आकडा टिपू नये म्हणून लावलेले हे कुलूप आहे. ते तोडण्याच्या युक्त्या शोधू नयेत. तिथे पडद्याचे रेखाचित्र हाताने काढावे. चौकट, तिच्यातले रिकामे चौकोन आणि ‘येथे आपला गुप्त आकडा लिहा, तो कोणालाही सांगू नका’ एवढी सूचना. शिकणाऱ्याला तेवढे पुरते.

संगणक जागा होण्यापूर्वी

शाळेचा संगणक दुरुस्त करणाऱ्याला कधी कधी तो सुरू होतानाच्या पडद्यांची पुस्तिका हवी असते. त्या वेळी विंडोज वा लिनक्स सुरूच झालेले नसते. मग चित्र टिपणारा प्रोग्राम चालणार कुठे? इथे तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे संगणकातला संगणक. ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारखे प्रोग्राम आपल्या संगणकात एका चौकटीत दुसऱ्या संपूर्ण संगणकाची नक्कल उभी करतात. आतला संगणक सुरू होत असताना बाहेरचा जागाच असतो, तेव्हा चित्र सहज मिळते. नवी कार्यप्रणाली कशी बसवायची याची पुस्तिका अशीच करता येते. मात्र अगदी सुरुवातीचे पडदे नकली संगणकाचे दिसतात, तुमच्या यंत्राचे नव्हेत. दुसरी वाट तारेवरची. संगणक आणि पडदा यांच्यामधल्या तारेतून जाणारे संकेत टिपणारे उपकरण मिळते. त्याचे दुसरे टोक दुसऱ्या संगणकाला जोडायचे. तिसरी वाट सर्वांत साधी, ती म्हणजे कॅमेरा.

कॅमेऱ्याने टिपताना

कॅमेऱ्याची वाट फार जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. त्याला आलेख व अक्षरे दाखवण्यासाठी कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता. त्या काळात फलकाची प्रत करणारी कळ कुठली! प्रयोगशाळांत ऑसिलोस्कोपच्या पडद्याला काळे टोपडे लावून त्यात कॅमेरा बसवत आणि पडद्यावरची रेषा फिल्मवर उतरवत.

किरण नळीच्या पडद्यावर एकच तेजस्वी ठिपका ओळीमागून ओळ धावत वरून खाली चित्र रंगवतो. दूरदर्शनच्या जुन्या संचावर ही फेरी १/५० सेकंदात पूर्ण होई. कॅमेऱ्याची झडप १/२५० सेकंदच उघडली, तर तेवढ्यात फेरीचा किती भाग होईल? १/२५० भागिले १/५०, म्हणजे फक्त एक पंचमांश. छायाचित्रात पडद्याचा तेवढाच पट्टा उजळ येई, बाकी अंधार. म्हणून अनुभवी छायाचित्रकार कॅमेरा तिपाईवर ठेवून झडप १/८ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ उघडी ठेवत.

आता किरण नळ्या गेल्या, पण हाच प्रकार एलईडी दिव्यांच्या फलकांत दिसतो. रेल्वे स्थानकावरील गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या अशा फलकाचे मोबाइलवर चित्र घ्या. कित्येकदा अक्षरे तुटलेली येतात. त्यातल्या ओळी पाळीपाळीने, फार झपाट्याने उजळतात. डोळ्याला त्या एकत्र दिसतात, कॅमेऱ्याला नाही. झडप १/३० सेकंदाच्या आसपास ठेवली की अक्षरे सहसा जुळून येतात.

आजच्या सपाट पडद्यांचा फोटो घेताना आणखी एक त्रास होतो. चित्रावर इंद्रधनुषी, नागमोडी पट्टे उमटतात. पडद्यावर ते नसतात. मग आले कुठून? एक प्रयोग करा. दोन सारखे बारीक कंगवे एकावर एक धरून उजेडाकडे पाहा आणि एक किंचित तिरपा करा. जाड, काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसतील. दोन जवळजवळ सारख्या जाळ्या एकमेकींवर आल्या की असे पट्टे होतात. त्यांना ‘म्वारे’ म्हणतात. एका कंगव्याला सेंटिमीटरला १० दात आणि दुसऱ्याला ११ असतील, तर दर सेंटिमीटरला ११ वजा १०, म्हणजे एक जाड पट्टा दिसेल. पडद्यावर पिक्सेलची जाळी असते. कॅमेऱ्याच्या आतही प्रकाश टिपणाऱ्या ठिपक्यांची जाळी असते. दोन्ही जाळ्यांचा मेळ असा जमला की पट्टे आले. उपायही यातच आहे: मेळ मोडा. कॅमेरा थोडा मागेपुढे घ्या, किंचित फिरवा. पट्टे कमी होईपर्यंत दोन-चार चित्रे घेऊन पाहा.

याशिवाय काही साध्या गोष्टी पाळाव्या. फ्लॅश बंद ठेवावा. खोलीतले दिवे मालवावे, खिडकीवर जाड कापड टाकावे. कॅमेरा पडद्याच्या बरोबर मध्यासमोर, तेवढ्याच उंचीवर ठेवावा. नाही तर चौकोन तिरपा येतो.

लांबलचक पान

काही पाने पडद्यात मावतच नाहीत. खाली सरकवावी तेव्हा पुढचा भाग दिसतो. नागफणीवरून सगळी दरी एका छायाचित्रात मावत नाही, तेव्हा आपण डावीकडून उजवीकडे तीन-चार चित्रे घेतो आणि जोडतो. येथेही तसेच करायचे. मात्र प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा थोडा भाग पुन्हा आला पाहिजे. तरच सांधा कुठे जुळवायचा ते कळते. ‘फायरफॉक्स’मध्ये पूर्ण पानाचे चित्र एकदम घेता येते. २०२१ सालच्या अँड्रॉइड १२ पासून अनेक मोबाइलमध्ये सरकत्या पडद्याचे चित्र घेण्याची सोय आली. तेही आतल्या आत असे तुकडेच जोडत असते.

अक्षरे शाबूत राहू द्या

चित्र मिळाले, आता ते जतन करायचे. छायाचित्रांसाठी जेपीईजी ही पद्धत चांगली. पण पडद्यावरच्या अक्षरांसाठी नाही. ती चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला बारीक तपशील थोडा गाळते. अक्षरांच्या कडा धुरकट होतात. १९९६ साली आलेली पीएनजी पद्धत एकही ठिपका न गाळता जागा वाचवते. पडद्यांची चित्रे पीएनजीत ठेवावी. आपल्या देवनागरीला तर हे फारच महत्त्वाचे. एक टिंब गेले की ‘खंत’चे ‘खत’ होते!

छापताना आणखी एक हिशेब करा. १९२० पिक्सेल रुंदीचा सगळा पडदा पत्रकावर ६ सेंटिमीटरांत बसवला, तर १६ पिक्सेल उंचीचे अक्षर किती उंच होईल? फक्त अर्धा मिलिमीटर. ते आजोबांना चष्मा लावूनही दिसणार नाही. त्याऐवजी कामापुरता ४८० पिक्सेल रुंदीचा तुकडा कापून तेवढ्याच जागेत बसवला, तर अक्षर दोन मिलिमीटर उंच होते. म्हणून सगळा पडदा दाखवण्याचा मोह टाळावा. ज्या बटणाबद्दल सांगायचे आहे ते आणि त्याचा थोडा शेजार दाखवावा.

झाकायचे ते खरोखर झाका

तुमच्या पत्रकासाठी कोणीतरी शेजारी आपला मोबाइल देईल. त्यावर त्यांचे नाव, मोबाइल क्रमांक, कदाचित बँकेचे खाते दिसेल. वरच्या पट्टीत एखादा खासगी निरोपही डोकावेल. पत्रक गावभर जाणार. तेव्हा हे सारे झाकणे तुमची जबाबदारी आहे.

पुष्कळ जण आकड्यांवर चौकड्यांचा धूसर पडदा टाकतात. तो पुरेसा नाही. आधार क्रमांक १२ अंकी असतो. तो अंदाजाने ओळखायचा तर एक लाख कोटी शक्यता तपासाव्या लागतील. पण धूसर चित्र हाती असेल, तर ० ते ९ हे दहा अंक तसेच धूसर करून एकेका जागेशी ताडून पाहता येतात. म्हणजे १२ × १० = १२० तुलना झाल्या! संगणकाला हे काम निमिषाचे. म्हणून आकड्यांवर पूर्ण काळा चौकोनच काढावा.

पण तोही पुरे नाही. काही प्रोग्राम काळा चौकोन वेगळ्या थरात ठेवतात. तो उचलला की खालचे आकडे उघडे. कापलेल्या चित्राचीही खात्री नसते. २०२३ च्या मार्चमध्ये असे उघडकीस आले, की गूगलच्या ‘पिक्सेल’ मोबाइलमधले चित्र कापण्याचे साधन कापलेला भाग फाइलमधून पूर्ण पुसत नव्हते. फाइलच्या शेवटी जुन्या चित्राचा अंश राही आणि जाणकाराला तो परत मिळवता येई. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष निघाला. पुढे दोन्ही दुरुस्त करण्यात आले. पण आधी पाठवलेली चित्रे परत कशी घेणार?

या साऱ्यावर एक साधा उपाय आहे, आणि तो तुम्ही आताच शिकला आहात. चित्र कापून, काळे चौकोन काढून झाले, की ते पडद्यावर उघडा आणि त्या पडद्याचेच नव्याने चित्र घ्या. चित्रफलकावर थर नसतात. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग असतो. चौकोनाखालचा आकडा तिथपर्यंत पोहोचतच नाही. नवी प्रत म्हणजे फक्त जे दिसते तेच, त्यामागे काही नाही. तीच प्रत पत्रकात वापरा.

शेवटची कसोटी

प्रत्येक चित्राला क्रमांक द्या आणि पत्रकाच्या तळाशी तारीख व ॲपची आवृत्ती लिहा. ॲप बदलत जातात, पडदेही बदलतात. सहा महिन्यांनी बटणाची जागा वेगळी असेल, तर वाचणाऱ्याला कळायला हवे की चूक आपली नाही, पत्रक जुने आहे.

मग पत्रक घेऊन अशा व्यक्तीकडे जा, जिने हे ॲप कधी उघडलेले नाही. पत्रक आणि मोबाइल त्यांच्या हाती द्या आणि तुम्ही गप्प बसा. बोट दाखवायचे नाही, ‘अहो काकू, ते नाही, हे’ असे म्हणायचे नाही. त्या कुठे थांबतात, कुठे दोनदा वाचतात याची फक्त नोंद ठेवा. त्या जिथे थांबतील, तिथे पाहा: बहुधा मधल्या एखाद्या मिटणाऱ्या यादीचे किंवा क्षणभराच्या संदेशाचे चित्र राहून गेलेले असेल. ते कसे टिपायचे हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

करून पाहा

१. तुमच्या शाळेच्या संगणकाच्या पडद्याचे आडवे व उभे पिक्सेल किती ते शोधा आणि त्याच्या चित्रफलकाला किती बाइट लागतील ते काढा.

२. पडद्यावर लिहिलेले एकच वाक्य जेपीईजी आणि पीएनजी अशा दोन्ही पद्धतींनी जतन करा. दोन्ही चित्रे चौपट मोठी करून अनुस्वार आणि रफार पाहा. फरक वहीत लिहा.

३. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या फितीत एक संदेश १२ चित्रांत दिसला. तो साधारण किती वेळ टिकला?